चिंचेनं घासलेलं इंजिन

हैदराबादला असताना आमच्या घरमालकांचं पितळी इंजिन मी चिंचेनं घासून लख्ख केलं होतं, ही गोष्ट मी आजवर शंभरदा तरी सांगितली असेल. हळदीकुंकवाला, बारशाला, लेकीच्या सासरी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हासुद्धा. गोष्ट रंगते. बायका हसून हसून डोळे पुसतात. "अगंबाई, चिंचेनं?" असं कुणीतरी विचारतंच, आणि मी म्हणते, "चिंचेनं, आणि वर राखेचा हात." की पुन्हा हशा. मला गोष्ट सांगता येते असं सगळे म्हणतात. त्यात माझी हुशारी एवढीच, की त्यातला एक तुकडा मी दर वेळी गाळते. आता वय झालं. गाळलेलं तेवढंच आठवत राहतं, म्हणून एकदा ते घालून सगळं लिहून ठेवते आहे.

नल्लकुंटा भागात घरमालकांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या आमच्याकडे भाड्यानं होत्या. हे सरकारी दफ्तरात कारकून, आणि मी लग्न होऊन उदगीरकडून नुकती आलेली. घरमालक साठी ओलांडलेले, एकटे. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. रेल्वेत त्यांनी तीस वर्षं नक्शानवीस म्हणून नोकरी केली होती, म्हणजे पुलांचे, स्टेशनांचे नकाशे काढून द्यायचे. उंच होते, पण टेबलावर वाकून वाकून पाठीला कायमची कमान आली होती. घरात धोतर आणि बंडी, बाहेर पडताना मात्र शेरवानी आणि टोपी, मग जायचं कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला का असेना. बंडीच्या खिशात दोऱ्याला बांधलेलं घड्याळ असे. आम्ही त्यांना काका म्हणत होतो, ते मला सूनबाई म्हणत.

घरातली सगळ्यांत मोठी खोली समोरची, तीन खिडक्यांची. तिच्यात ना पलंग, ना खुर्ची. काका स्वतः माजघरात सतरंजीवर झोपत. समोरच्या खोलीत त्यांची आगगाडी होती.

मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, कुणा नातवंडाचं खेळणं असेल. तीन भिंतींना लागून कमरेइतक्या उंचीवर फळ्या, फळ्यांवर रूळ, रुळांवर गाडी. पण जवळ गेल्यावर गंमत कळली. काचीगुड्यापासून पूर्णेपर्यंतची लाइन होती ती. सगळी स्टेशनं करायची तर नल्लकुंटा पुरणार नाही, म्हणून त्यांनी नऊच निवडली होती: काचीगुडा, बोलारम, कामारेड्डी, निजामाबाद, बासर, धर्माबाद, मुदखेड, नांदेड आणि पूर्णा. खऱ्या एका फुटाला पाव इंच, हा त्यांचा हिशेब. रूळ मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचे. गौलीगुड्याच्या बाजारात छत्र्या दुरुस्त करणारा एक म्हातारा बसे, तो काड्या यांच्यासाठी राखून ठेवायचा. डबे बिस्किटांच्या पत्र्याचे. त्या पत्र्याला मागच्या बाजूनं ग्रामोफोनच्या सुईनं टोचून टोचून पुढं बारीक उठाव आणलेले, ते म्हणजे डब्याचे रिवेट. खिडक्यांना अभ्रकाच्या काचा. स्टेशनांच्या पाट्या चार लिप्यांत, आणि त्या ज्या कुंचल्यानं लिहिल्या त्याला खारीच्या शेपटीचा एक केस. इंजिन पितळेचं होतं. आत एका बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळाची स्प्रिंग बसवलेली, किल्ली दिली की चालणारी.

पण लोकांना काय दिसे? लोकांना घाण दिसे. इंजिन काळंकुट्ट, तेलकट. डब्यांची छतं काजळलेली, खालची अंगं मातकट. मालगाडीच्या डब्यांना गंज. रुळांच्या कडेला धुरकटलेली खडी. स्टेशनांच्या भिंतींवर पानाच्या पिंकासुद्धा होत्या, त्या काकांनी कात आणि चुना कालवून काडीच्या टोकानं उडवलेल्या. नांदेडात जास्त आणि बोलारममध्ये कमी. "बोलारम फौजी लोकांचं गाव आहे, तिथं थुंकत नाहीत," असं त्यांचं म्हणणं.

गाडी दाखवण्याची त्यांची रीतही आगळी. पाहुणा आला की त्याला खिडकीपाशी उभं करायचे, घड्याळ काढायचे, आणि वेळ झाल्यावरच किल्ली सोडायचे. गाडी सरसर बोलारमला यायची आणि थांबायची. मग खरी गाडी तिथं जितकी मिनिटं थांबते तितकी मिनिटं हीही थांबणार. त्यात सूट नाही. पूर्णेला पाणी भरायला वीस मिनिटं. पाहुणा वीस मिनिटं उभ्या गाडीकडे बघत उभा. एकदा आमच्या ह्यांचे जामबागच्या शाळेतले एक मास्तर मित्र आले होते. ते दहा मिनिटांनी म्हणाले, "काका, बिघडली वाटतं." काका म्हणाले, "बिघडली नाही. पाणी भरून राहिली." मास्तरांनी आणखी पाच मिनिटं कळ काढली आणि चहाला म्हणून आत आले, ते परत गेलेच नाहीत. काका एकटेच उरलेली पाच मिनिटं उभे राहिले. गाडी सुटल्याशिवाय प्लॅटफॉर्म सोडायचा नाही, हा त्यांचा नेम. खऱ्या स्टेशनावर कुणाला पोचवायला गेले तरी हाच नेम.

एकदा मी विचारलं, "काका, तुम्ही तीस वर्षं रेल्वेत होतात, मग पुन्हा घरात रेल्वे कशाला?"

"तीस वर्षं नकाशे काढले, सूनबाई," ते म्हणाले. "गोदावरीच्या पुलाचे तर कितीदा काढले. पण पूल बघायला एकदा कुणी पाठवलं नाही. नक्शानवीस टेबलाशी लागतो ना. पेन्शन झाली तेव्हा तिकीट काढलं आणि बघून आलो. मग वाटलं, बघितलेलं सगळं एकदा लिहून काढावं. मला लिहायला असंच येतं."

तेव्हापासून ते दर दोन-तीन महिन्यांनी कापडी पिशवी घेऊन कुठल्यातरी स्टेशनाला जात आणि तिथली माती घेऊन येत. मलमलीतून चाळत आणि डिंकाच्या पाण्यानं आपल्या त्या स्टेशनाभोवती बसवत. कामारेड्डीची तांबूस, बासरची नदीकाठची भुरकी, नांदेडची काळीभोर. पूर्णेला मात्र नांदेडचीच माती घातलेली होती, ती त्यांना डाचे. "उसनी आहे," असं म्हणत, आणि पूर्णेचा विषय निघाला की जरा ओशाळत.

ते दिवस राज्य फुटण्याचे होते. आमचं जुनं हैदराबाद राज्य भाषेप्रमाणे तीन वाटण्या होऊन तीन दिशांना गेलं. मराठी माणसांच्या घराघरात एकच बोलणं: कुणाला कुठल्या बदलीचा हुकूम आला. कुणी औरंगाबादला, कुणी मुंबईला. ज्यांच्या सात पिढ्या इथं शालीबंड्याला गेल्या ते ट्रंका बांधू लागले. आमचे हे एकदा गमतीनं काकांना म्हणाले, "आता बासर आणि धर्माबादच्या मध्ये तुम्हालाही राज्याची हद्द आखावी लागेल."

"तिथं गाडी थांबती का?" काकांनी विचारलं.

"नाही."

"थांबू लागली की स्टेशन करीन."

एवढंच. राज्य गेलं याबद्दल त्यांच्या तोंडून मी चकार शब्द ऐकला नाही. त्यांना काळजी दुसरीच होती. त्यांच्यामागं ही गाडी जाणार कुठं? पुतण्या होता पुण्याला, तो म्हणे, "काका, घर विकून इकडे या, आणि ते भंगार तिकडेच काढून टाका." मग त्यांच्या एका जुन्या सोबत्यानं कुठं तरी शब्द टाकला. रेल्वेत नव्यानं भरती होणाऱ्यांना शिकवायची शाळा होती, तिथं स्टेशनाचं काम समजावून द्यायला एक चांगला नमुना हवा होता. बाहेरून नवे साहेब आले होते, ते स्वतः बघायला येणार होते. पसंत पडलं तर गाडी शाळेत जाणार, तिला वेगळी खोली मिळणार, आणि आठवड्यातून दोनदा काकांनी जाऊन ती चालवून दाखवायची. हे सांगताना त्यांनी तीनदा घड्याळ काढून पाहिलं होतं. साहेबांना पत्रात लिहिलेलं होतं, की फोटो काढला तर खरी की खोटी कळणार नाही. साहेबांचा दिवस ठरला भाद्रपदात, महालक्ष्म्या उठल्यानंतर पाचव्या दिवशी.

आणि महालक्ष्म्या त्या वर्षी माझ्याकडे होत्या.

आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या थोरल्या दिरांकडे असायच्या. त्यांना मुंबईचा हुकूम आला. तिथं चाळीत एक खोली, त्यात पाच माणसं. जाऊबाई मुखवट्यांची पेटी माझ्या ओटीत ठेवून ढसाढसा रडल्या. म्हणाल्या, "तुझ्याकडं जागा आहे, नीट कर. चार बायकांत नाव ठेवायला जागा ठेवू नकोस." त्यांच्याकडची आरास मी पाहिली होती. हॉलभर. माझ्या दोन खोल्यांत स्वैपाकाची चूल आणि आमच्या ट्रंका, एवढ्यातच पाय ठेवायला जागा नव्हती.

मी भीत भीत काकांना विचारलं. मला वाटलं, नाहीच म्हणतील. ते म्हणाले, "समोरची खोली घ्या की. मधली जागा रिकामीच आहे. महालक्ष्म्यांपुढं आरास लागती ना? आरास तयार आहे. बायकांना गाडी दाखवू."

मला आनंद झाला, हे खरं. पण लगेच मी त्या काळ्या इंजिनाकडे, त्या पिंकांच्या भिंतींकडे पाहिलं. सोवळ्यानं आणलेल्या महालक्ष्म्या, आणि सभोवती ही अशी आरास. बरकतपुऱ्याच्या वकीलीणबाई येणार, शेजारच्या तेलुगू अक्का येणार. काय म्हणतील? मी म्हटलं, "काका, तेवढी धूळ झटकून घेऊ का?"

इथं तो तुकडा आहे, जो मी गाळते.

काका हसले. त्यांनी पहिल्या डब्याच्या छतावरून बोट फिरवलं आणि बोटाचं काळं टोक मला दाखवलं. "ही धूळ नव्हे, सूनबाई," ते म्हणाले. "ही मी लावलीय. दिव्याची काजळी आणि एक थेंब तेल. बारा वर्षं थर बसवून राहिलोय. गाडी जितकी धावली तितकी काळी झाली पाहिजे. हात लागला की जाती ही, म्हणून कुणाला हात लावू देत नाही." मग ते बोट त्यांनी रुमालाला न पुसता जिथून घेतलं होतं तिथंच छतावर हळूच पुसलं. होती ती काजळी परत जागेवर ठेवली.

म्हणजे मला ठाऊक होतं. गोष्टीत मी सांगते की मला ठाऊक नव्हतं.

महालक्ष्म्या बसायच्या तीन दिवस आधी काका पूर्णेला गेले. साहेब यायच्या आत उसनी माती काढून खरी बसवायची होती. जाताना समोरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. बारा वर्षांत ती किल्ली कुणाच्या हातात गेली नव्हती. "खिडक्या उघडत जा, वारा लागू द्या. बाकी काही करू नका," म्हणाले. "जेवणाच्या दिवशी दुपारी येतोच. पुरणपोळी राखून ठेवा."

पहिला दिवस मी खिडक्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी वकीलीणबाई आमंत्रणाच्या निमित्तानं डोकावून गेल्या. दारातूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "इथं बसवणार? बरं, तुमची हौस." बस, एवढंच. पण ते 'बरं' मला असं काही झोंबलं, की त्या फाटकाबाहेर गेल्या आणि मी पदर खोचला.

आमच्याकडे भांड्याला मल्लम्मा येई. तिला मी हाक मारली. ती खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली आणि आत येईना. "अय्यगारु तिडतारम्मा," म्हणाली. मालक रागावतील, असं. तिलासुद्धा कळत होतं. मी म्हटलं, "तू चिंच भिजव."

मी मनाला सांगत होते, साहेब येणार आहेत, त्यांच्यासमोर स्वच्छ नको का? मनाला काय, जे सांगाल ते ऐकतं. डबे मी रिठ्याच्या पाण्यातून काढले. बारा वर्षं पाच मिनिटांत गेली, पाणी काळं झालं. पिंका ओल्या फडक्यानं पुसल्या. फळ्या पुसायला लागले तर डिंक सुटला आणि माती हातात यायला लागली. कामारेड्डीची आणि नांदेडची एकाच बादलीत. एकदा सुरू केल्यावर मध्ये सोडता येईना, अर्धवट तर आणखीच वाईट दिसत होतं. बादल्या मी परसातल्या सीताफळाच्या बुंध्याशी ओतल्या. शेवटी इंजिन घेतलं. चिंचेनं, आणि वर राखेचा हात. देवातल्या समईसारखं झळकायला लागलं. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. मग रुळांच्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या रांगोळीच्या रेघा घातल्या. भुसा हिरवा रंगवून पसरला. महालक्ष्म्यांसाठी उगवलेले गव्हाचे अंकुर नांदेडपाशी ठेवले, शेतं म्हणून. पुलाखालच्या गोदावरीत निळी रांगोळी.

जेवणाच्या दिवशी दुपारी काका आले. मी पुरणाचं ताट वाढत होते. शेरवानीवर धूळ, हातात मातीची पिशवी, चेहरा कसा उजळलेला. "मिळाली," म्हणाले, "अगदी पाण्याच्या टाकीखालची." आणि समोरच्या खोलीत गेले.

मी ताट हातात घेऊन उभीच. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले, पिशवी खुंटीला अडकवली, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. दोन पोळ्या खाल्ल्या. "पुरण छान झालंय," म्हणाले.

संध्याकाळी बायका आल्या. वकीलीणबाईंनी तोंडात बोट घातलं. तेलुगू अक्का दारातच थबकल्या, "एंत बागुंदम्मा!" किती सुंदर, किती सुंदर, असं चाललेलं. मी मिरवत होते. मला वाटलं होतं काका खोलीकडे फिरकणार नाहीत. पण ते शेरवानी चढवून आले, एका बाजूला उभे राहिले, घड्याळ काढलं आणि वेळेवर गाडी सोडली. चकचकीत इंजिन रांगोळीतून धावलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या. बोलारमला ते तितकीच मिनिटं थांबले. कुणीतरी विचारलं, इतकं लखलखीत कसं ठेवता? काका म्हणाले, "सूनबाईंनी घासलंय. मला एवढं जमलं नसतं."

सगळ्या गेल्यावर मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. खरं सांगायला गेले होते, असं मला आजही म्हणावंसं वाटतं. पण तोंडातून निघालं ते असं, "काका, मला वाटलं धूळच आहे. साहेब यायचेत म्हणून केलं."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं आता म्हणतील, की मी तुम्हाला दाखवली होती ना. ते म्हणाले, "हौ. धूळच होती."

महालक्ष्म्या उठल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर काका परसात सीताफळापाशी उभे. पूर्णेच्या मातीची पिशवी त्यांनी बुंध्याशी रिकामी केली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "बाकीची स्टेशनं इथंच आहेत ना, सूनबाई?"

मी मान हलवली. ती त्यांना दिसली की नाही, कोण जाणे.

मग मी धावपळ केली. म्हटलं, काका, दिव्यावर वाटी धरून काजळी मी काढून देते, चार दिवस आहेत, दोघं मिळून लावू. ते म्हणाले, "चार दिवसांत लावली तर चार दिवसांचीच दिसेल." दिवस बदलून घ्या म्हटलं, तर साहेबांचा दिवस बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी फक्त रांगोळी आणि भुसा काढला. फळ्यांचं उघडं लाकूड, त्यावर चकचकीत रूळ, आणि समईसारखं इंजिन.

साहेब आले, सोबत एक मदतनीस. मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी होते, त्यामुळं सगळं ऐकलं. साहेबांनी इंजिन उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. मोठे सभ्य होते. "वाह, बहुत खूबसूरत खिलौना है," म्हणाले. "पोते-पोतियों के लिए बनाया?" मग मदतनीसाकडे वळून, "हमको तो लिखा था, बिल्कुल असली जैसा है."

मी ट्रे घेऊन आत जाऊ शकत होते. एक वाक्य पुरलं असतं: ही असली होती, मी धुतली. साहेबांना पटलं असतं की नाही ते वेगळं, पण काकांना ऐकू तरी आलं असतं. मी ट्रे धरून दाराआडच उभी राहिले.

"जी," काका म्हणाले. "खिलौना ही है."

साहेबांनी घाईत चहा घेतला. काकांनी गाडी सोडून दाखवली नाही. साहेबांनी विचारलंच नाही आणि काकांनीही घड्याळ काढलं नाही.

त्यानंतर काका कुठल्याच स्टेशनाला गेले नाहीत. कापडी पिशवीत भाजी आणू लागले. आमच्याशी वागण्यात तसूभर फरक पडला नाही, आणि तेच मला सोसेना. रागावले असते तर मी चार दिवस रडून मोकळी झाले असते. एकदा मी ह्यांना म्हटलं, "काकांना विशेष वाईट नाही वाटलं, नाही?" हे म्हणाले, "वाटलं असतं तर बोलले असते." मला ते पटलं, कारण मला ते पटायलाच हवं होतं. त्याच सुमारास मी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली, वकीलीणबाईंकडे, वाण लुटताना. त्या इतक्या हसल्या की मला धीर आला.

पुढच्या उन्हाळ्यात ह्यांनाही हुकूम आला, औरंगाबादचा. ट्रंका बांधल्या, मुखवट्यांची पेटी मांडीवर घेतली. काका शेरवानी घालून काचीगुड्याला पोचवायला आले. गाडी तीच, काचीगुडा, बोलारम, कामारेड्डी करत जाणारी. त्यांनी ह्यांना सांगितलं, "गोदावरीचा पूल येईल तेव्हा सूनबाईंना खिडकीशी बसवा. चुकवू नका."

आमचे हे सामान लावायला आत वळले. मी खिडकीशी होते, काका खाली प्लॅटफॉर्मवर. मी म्हटलं, "काका, तब्येतीला जपा." ते "हौ" म्हणाले. मग त्यांनी हात वर केला आणि माझ्या खिडकीच्या खाली, डब्याच्या अंगावरून एक बोट हळूच फिरवलं. बोट काळं झालं. ते त्यांनी माझ्यासमोर धरलं, आणि हसले. टोचून हसले नाहीत. पहिल्या दिवशी हसले होते अगदी तसेच, जणू मला ती काजळी नव्यानं समजावून सांगत होते.

म्हणजे त्यांना सगळं आठवत होतं. मला दाखवलेलं बोट, आणि त्यानंतर मी म्हटलेलं 'मला वाटलं धूळच आहे', दोन्ही. आणि दोन्ही लक्षात ठेवून त्यांनी माझ्या पोळ्या खाल्ल्या होत्या, आणि बायकांसमोर माझं नाव केलं होतं.

मी हात जोडायला हवे होते. 'काका, मला ठाऊक होतं' एवढं म्हणायला हवं होतं, आजूबाजूला फेरीवाल्यांचा इतका गलका होता की दुसऱ्या कुणाला ऐकूही गेलं नसतं. मी खिडकीची लाकडी फळी खाली ओढली.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"धूर येतोय," मी म्हटलं.

ह्यांनी आपलं घड्याळ पाहिलं आणि शेजारी बसले. गाडी सुटायला अजून चार मिनिटं होती. आणि गाडी सुटल्याशिवाय काका प्लॅटफॉर्म सोडत नाहीत, हेही मला ठाऊक होतं.